बाहेरचा जिना

कठोरा रोड, अमरावती
१६ फेब्रुवारी २०२५

श्री. स्वप्निल यांना,

नमस्कार. मी वच्छला, प्रणालीची आई. नाव वाचूनच तुमी कागद फाडला तर मी तुमाले बोल लावणार नाही. पण आधी पुरतं वाचा, मंग फाडा.

माझं शिक्षण दहावी. पुस्तकी लिहायले जाते अन् मधातच घरची बोली येते, सांभाळून घ्या. तुमचा जुना नंबर लावून पायला. कोण्या दुसऱ्याच माणसानं उचलला. तो लागला असता तरी हे फोनवर माझ्यानं बोलणं झालं नसतं.

आमचं घर तुमी पायलेलं आहे, बाहेरून तरी. खाली आमी दोघं, मधल्या मजल्यावर कुंदन, प्रणालीचा धाकटा भाऊ, अन् वरचा मजला तिचा. मे महिन्यात कुंदनचं लग्न आहे. नवी सून आरती येईल त्याच्या आधी त्याले घराचा सारा दर्शनी भाग बदलायचा आहे. आमच्या लाइनीतल्या चार घरांनी तसंच केलं. समोरून काळा काच, त्याच्या बाजूनं चमकते पत्रे. कुंदन म्हणे, "आई, साऱ्या रांगेत आपलंच घर म्हातारं दिसून राहिलं." त्याच्या बाबांनी मान हालवली. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासून खुशालराव कोण्या गोष्टीले नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत.

वरचा मजला खाली करायचं काम माझ्याकडं आलं. ती खोली मी दर आठवड्याले झाडते, पण तिचं कपाट उघडलं नव्हतं. परवा उघडलं, तर मागच्या बाजूले कागदाची एक सुरळी सापडली. आमच्याच घराचं चित्र. पण असं घर, की मले ओळखायले वेळ लागला. खिडक्यांवर मोठे छज्जे, बाल्कनीले मातीच्या विटांची जाळी, रंग पांढुरका. अन् एक जिना, जो आमच्या घराले नाही. गल्लीतून निघून, घराच्या अंगानं, थेट तिच्या मजल्यापर्यंत. खालचं सारं शाईनं काढलेलं अन् वरचं पेन्सिलीनंच रायलेलं. कोपऱ्यात दोन नावं, 'प्रणाली, स्वप्निल, डिसेंबर २०२१', अन् तुमचा मोठी उमरीचा पत्ता.

ते चित्र सोबत पाठवून राहिली. पुरं करून द्याल काय? कुंदनले मी समजावीन. तिचं रायलेलं काम आहे, दुसरं काही माझ्या हातात उरलं नाही.

उत्तर आमच्या घरी टाकू नका. समोर शालू शिलाईवाली राहते, तिच्या नावानं टाका. ती भली बाई आहे, पाकीट उघडत नाही.

वच्छला

~

मोठी उमरी, अकोला
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. वच्छलाबाई यांना,

जय भीम. पत्र मिळालं. फाडलं नाही. आईने ते टेबलावर आणून ठेवलं आणि एवढंच विचारलं, "अमरावतीचं कोन हाय?" मी सांगितलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

आधी कामाचं लिहितो, कारण ते सोपं आहे. दोन वर्षं मी हैदराबादला साइटवर होतो. मागच्या वर्षी परतलो आणि आता हेच काम करतो, जुन्या दोन-तीन मजली घरांचे दर्शनी भाग नवे करून देण्याचं. त्यामुळे कुंदनला सांगा, हे माझं मत फुकटचं नाही, अनुभवाचं आहे. तुमच्या घराचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन समोरच्या भिंतीवर असतं. तिथे काळी काच लावली तर घराची भट्टी होईल आणि दिवसभर पडदे ओढून आत दिवे लावून बसावं लागेल. पत्र्यांचं म्हणाल तर त्यांच्यामागे काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. भिंतीत पाणी मुरत राहतं, कबुतरं घरटी करतात, आणि चार वर्षांनी पत्रा काढला की मागे प्लास्टर हाताने निघून येतं. आधी ओल कुठून येते ते शोधा. मग खिडक्यांवर अडीच फुटांचे छज्जे काढा, बाल्कनीला जाळी द्या म्हणजे वारा येईल आणि ऊन गाळून येईल, भिंतीला फिका रंग लावा. घर म्हातारं दिसतं म्हणून त्याला काळा चष्मा लावायची गरज नसते.

आता दुसरं. चित्र पूर्ण करायचं तर ते प्रणालीने करावं. तिच्या माहेरचं घर आहे. तिला वेळ नसेल तर तिच्या नवऱ्याने चांगला माणूस बघून द्यावा. माझ्याकडे कशाला?

१४ जानेवारी २०२२, संक्रांतीचा दिवस. तुम्हीच मला फोन केला होता. शब्द मला पाठ आहेत. "प्रणालीनं दर्यापूरच्या स्थळाले होकार दिला. आता तिले फोन करू नका, तिचा संसार सुखाचा होऊ द्या." मी फोन केला नाही. होता तो बंद करून ठेवला, त्याच आठवड्यात नंबर बदलला, हैदराबादची नोकरी घेतली, मित्रांना सांगितलं की तिचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही. त्यांनी ते पाळलं.

एवढ्या वर्षांनी आईच्या हातून निरोप पाठवायची तिला गरज नव्हती. तरी तिला सांगा, मी बरा आहे.

स्वप्निल

~

अमरावती
३ मार्च २०२५

स्वप्निल यांना,

तुमचं पत्र मी शालूच्या मशीनजवळ उभ्यानं वाचलं. "तिला सांगा, मी बरा आहे" इथपर्यंत आली अन् पुन्हा वरून वाचलं.

तुमाले माहीतच नाही.

प्रणाली नाही आता. ११ ऑक्टोबर २०२२ ले गेली. डेंग्यू झाला होता. पाच तारखेले दवाखान्यात नेलं तवा स्वतः जिना उतरून गाडीत बसली होती. तिनं तर मले घराले कुलूप नीट लावलं का म्हणून विचारलं. मंग प्लेटलेट उतरत गेले. कुंदननं रक्त दिलं, त्याच्या मित्रांनी दिलं. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. अकराले पहाटे संपलं सारं. एकोणतीस वर्षांची होती.

मले वाटलं होतं तुमाले कळलं असन. पेपरात फोटो आला होता. म्हणून पहिल्या पत्रात 'गेली' असं लिहिलं नाही. तो शब्द लिहायचा वाचला म्हणून मले बरंच वाटलं होतं. त्याचं हे असं होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. माफ करा.

दर्यापूरचं स्थळ पुढं जमलं नाही. ती घरीच होती, लग्न झालं नव्हतं.

चित्राचं आता राहू द्या. मी कुंदनले नाही म्हणणार नाही. काच तर काच.

वच्छला

~

अकोला
११ एप्रिल २०२५

वच्छलाबाई यांना,

सव्वा महिना लिहिलं नाही. लिहायला बसलो की तुमच्या पत्रातली तारीख पुन्हा वाचायचो आणि उठायचो. त्या ११ ऑक्टोबरला मी काय करत होतो ते शोधून काढलं. साइटची जुनी डायरी आहे. स्लॅब होता, दिवसभर स्लॅब. संध्याकाळी मजुरांना जिलबी वाटली. असं लिहिलंय.

पत्र आलं त्या दिवशी आईला विचारलं. माझी आई पंचफुला, तुम्ही तिला एकदा बघितलंय.

"आई, तुले माहीत होतं?"

ती ज्वारी निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "होय."

"कवापासून?"

"पेपरात पायलं. त्याच दिवशी. तू तिकडं चौथ्या मजल्याच्या परांचीवर उभा राहून काम करत होता. तुले सांगून मी तुले खाली पाडू काय?"

"अन् परत आलो तवा?"

"तवा तू हसायले लागला होता, बापा. थोडाथोडा."

त्या दिवसापासून तिच्याशी नीट बोलणं झालेलं नाही. ती ताट वाढते, मी जेवतो. आम्ही दोघंच आहोत घरात.

मागच्या रविवारी मी अमरावतीला आलो होतो. भर दुपारी तुमच्या घरासमोर शालूताईंच्या दुकानाच्या सावलीत उभा राहिलो. आत आलो नाही. वरची खिडकी बंद होती. मधल्या मजल्याच्या छज्ज्याचं प्लास्टर गळून आतल्या सळया दिसतात, त्या गंजल्यात. गच्चीच्या कठड्याखाली ओलीचे काळे ओघळ आहेत, म्हणजे पाणी तिथून मुरतंय. घराच्या अंगची मोकळी जागा मी पावलांनी मोजली, पाच फूट सहज भरते. जिना बसतो.

तो जिना कुठून आला ते तुम्हाला माहीत नसेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये आई आणि मी तुमच्याकडे मागणी घालायला आलो, तेव्हा तुम्ही आम्हाला पोर्चमध्ये बसवलं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पाणी आलं. घराचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि त्याच्या फटीतून प्रणालीची ओढणी दिसत होती. आईने नवी साडी नेसली होती. वीस मिनिटांत आम्ही परत निघालो. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा आई म्हणाली, "घर चांगलं हाय त्यायचं."

पुढच्या रविवारी प्रणाली नेहमीसारखी अकोल्याला आली, तेव्हा तिच्या बॅगेत हे चित्र होतं. ती आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करायची, तिचा हात माझ्यापेक्षा साफ. जाळी आणि छज्जे आम्ही पुढे मिळून काढले, पण जिना तिचा एकटीचा. मी म्हणालो, "ह्या जिन्यानं येईल कोन?"

"तुई आई," ती म्हणाली. "तिले कोनाच्या पोर्चमधी थांबा लागनार नाई."

चित्र मी पूर्ण करतोय. नको म्हणू नका. पण एक विचारतो. दर्यापूरचं स्थळ मोडल्यावर तिने मला का शोधलं नाही? माझं घर तिला ठाऊक होतं. आणि त्या सहा दिवसांत तिने माझं नाव घेतलं का? उत्तर 'नाही' असेल तरी लिहा.

स्वप्निल

~

अमरावती
१९ एप्रिल २०२५

स्वप्निल,

तुमचा प्रश्न वाचून मी चार दिवस उत्तर टाळलं. पहिल्या पत्रापासून मी तुमाले अर्धंच सांगून राहिली. आता सारं लिहिते.

दर्यापूरचं स्थळ जमलं नाही अन् मोडलंही नाही. मागणी आली होती. प्रणाली त्यांच्यासमोर येऊन बसलीच नाही. होकार तिनं कधी दिलाच नव्हता. तो फोन मी माझ्या मनानं केला होता.

तुमी इतकी वर्षं खुशालरावांना दोष देत असाल. पोर्चमधी बसवलं त्यांनी, हे खरं. पण तुमी गेल्यावर चार-आठ दिवसांनी ते मले म्हणाले होते, "पोरीचं मन पायलं पायजे. वर्षभर थांबू, मंग पाहू." थांबायले मीच तयार नव्हती. माझ्या नणंदा, दर्यापूरचे सोयरे, लग्नात मांडवात बसणाऱ्या बाया, या साऱ्या मले डोळ्यांपुढं दिसत. जातीबाहेर दिली, अन् ती पण कुठं दिली, असं त्या म्हणतील. तुमच्यात काही खोट होती म्हणून नाही. तुमची जात होती म्हणून. हे लिहायले लाज वाटते, पण दुसरं कारण शोधून सापडत नाही.

तुमाले फोन केला त्याच दिवशी तिले सांगतलं, "स्वप्निलचा फोन होता. त्याच्या आईनं पोर्चमधली गोष्ट मनाले लावून घेतली. तो म्हणे, आता नको." तिचा विश्वास बसला नाही. ती तुमाले फोन लावत रायली. चार दिवस लागत नव्हता, मंग नंबर बंदच झाला. माझं खोटं तुमच्या बदललेल्या नंबरानं खरं करून टाकलं. तिनं मले एकदाच म्हटलं, "त्याच्या आईचं बरोबरच आहे." तुमच्या घरी ती काहून आली नाही हे आता तुमाले समजलं असन. तुमच्या आईपुढं कोण्या तोंडानं जाऊ, असं तिले वाटलं.

दवाखान्यात नाव घेतलं. चौथ्या दिवशी, आठ तारखेले, दुपारी. म्हणे, "आई, त्याले एक फोन करजो. तुले त्याचा फोन आला होता ना, तुझ्याजवळ नवा नंबर असन. दुसरं काही म्हणू नको. मी अथी दवाखान्यात आहे एवढंच सांग."

मी वऱ्हांड्यात गेली. भिंतीले टेकून पाच मिनिटं उभी रायली. मंग आत येऊन म्हटलं, "केला. येतो म्हणे."

"कायनं येऊन राहिला?"

"बसनं."

"अडीच तास लागतात," ती म्हणे. "मूर्तिजापूरले थांबते गाडी." अन् नर्सले म्हणे, "माझे केस विंचरून देता का?"

अडीच तास झाले तवा तिनं दाराकडं पायलं. तीन तास झाले. म्हणे, "गाडी बिघडली असन."

माझ्याजवळ नंबर नव्हता, हे खरं. पण मोठी उमरी कुठं पळून गेली नव्हती. कुंदन मोटरसायकलनं दोन तासांत पोचला असता, तुमच्या आईजवळून नंबर घेऊन आला असता. मी त्याले पाठवलं नाही. मले वाटलं, पोट्टी दोन दिवसांत बरी होईल, अन् मंग ते पुन्हा सुरू होईल. ती मरणार असं माझ्या मनात आलंच नाही. आईच्या मनात ते येत नाही.

पुढचं लिहिवत नाही.

वच्छला

~

अमरावती
१८ मे २०२५

स्वप्निल,

एप्रिल सरता सरता तुमचं पाकीट शालूकडं आलं. नकाशाचे पाच कागद. मी एकेक कागद झटकून पायला, पण तुमची चिठ्ठी नव्हती. ठीक आहे. ती नसणारच होती.

त्याच दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते कागद बाप-लेकापुढं पसरले. कुंदन म्हणे, "हे कोणं काढलं?" मंग मी सांगतलं. फोन, संक्रांत, दवाखाना, सारं. थांबली नाही, थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

खुशालराव चश्मा पुसत रायले. मंग म्हणे, "खुर्च्या मी मांडल्या होत्या." उठून पोर्चमधी गेले, तिथंच संध्याकाळपर्यंत बसले.

कुंदन उभा रायला. "ताई दाराकडं पाहून राहिली होती तवा मी दाराच्या बाहेरच होतो, आई," तो म्हणे. "गाडीची चाबी माझ्या खिशात होती." मले वाटलं हात उगारतो का काय. उगारला असता तर बरं झालं असतं. तो कागद गोळा करून वर गेला. दुसऱ्या दिवशी काचवाल्याले नाही म्हणून आला अन् मिस्त्रीले घेऊन आला.

लग्न झालं अकरा तारखेले. पाया पडायले वाकला, पण माझ्याकडं पायलं नाही. अजून बोलत नाही. आरती समजदार आहे, ती आमच्या दोघांच्या मधात बोलते. तिले वाटते लग्नाचा थकवा असन.

छज्ज्याच्या गंजल्या सळया घासून, रंग मारून, नवं सिमेंट भरणं झालं. गच्चीच्या कठड्याचं पाणी बंद केलं. जाळीच्या विटा आल्या. जिन्यापाशी मिस्त्री अडला. तो म्हणे, जुन्या कॉलमले लोखंड जोडून जिना लटकवू, लवकर होईल. तुमच्या कागदावर तसं नाही. काय करायचं ते लिहा. मले लिहायचं नसन तर कुंदनले लिहा.

आता पत्र शालूकडं नको, घराच्याच पत्त्यावर टाका.

वच्छला

~

अकोला
९ जून २०२५

वच्छलाबाई यांना,

मिस्त्रीचं ऐकू नका. जुने कॉलम तीन मजल्यांचा भार घेऊन उभे आहेत, त्यांना आणखी काही लटकवायचं नाही. जिन्याला स्वतःचा पाया लागतो. तुमच्याकडे खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, तिच्यावर उभं केलेलं काहीही दोन वर्षांत वाकडं होतं. खड्डा मुरूम, म्हणजे खालचा कठीण थर, लागेपर्यंत खणा, चार फूट लागो की सहा. काळी माती पूर्ण बाहेर काढा, मुरूम भरून कुटून घ्या. जिना आणि घराची भिंत यांच्यात एक इंच फट ठेवा, सिमेंटने बुजवू नका. दोघांचं हलणं वेगळं असतं, जोडलं तर भिंत तडकेल. पायऱ्या साडेसहा इंचांच्या वर नकोत. प्रणालीने कागदाच्या मागे लिहिलंय, 'काकूंचे गुडघे'. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला ते एका भेटीत दिसलं होतं.

आता दुसरं. चिठ्ठी मी लिहिली होती, तीन वेळा. तिन्ही वेळा जे लिहिलं ते आईने वाचलं. मी घरी नसताना. म्हणाली, "त्या बाईची लेक गेली. आता तिले कडू लिहू नको."

"तिनं तुले पोर्चमधी बसवलं, आई."

"बसवलं. म्या इसरली नाई. पण लेक गेली तिची."

म्हणून नुसते नकाशे पाठवले.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. होईल असं वाटतही नाही, आणि खोटं लिहिण्यात अर्थ नाही. एका गोष्टीपाशी मात्र मी अडतो. तुम्ही तिला सांगितलं की मी निघालोय. तुम्ही मला जे सांगितलं होतं आणि तिला जे सांगितलं होतं, त्या साऱ्या खोट्यांत हे एकच असं आहे की ज्यासाठी तुमचा राग करावा की आभार मानावे ते मला कळत नाही. ती मी वाटेत आहे असं धरून गेली. गाडी बिघडली असेल असं समजून. एवढं तरी तिला मिळालं. साइटवर असलो, काही काम करत असलो की मी याच एका गोष्टीला धरून असतो.

आणि एक मागतो. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंतचे नऊ महिने माझ्याकडे नाहीत. ती काय करायची, काय खायची, कशावर हसायची, काहीही लिहा. लहानसं असलं तरी चालेल.

आई आता माझ्याशी बोलते. मीही बोलतो.

स्वप्निल

~

अमरावती
२९ जून २०२५

स्वप्निल,

पाच फुटांवर मुरूम लागला. कुंदननं स्वतः उभं राहून काळी माती बाहेर काढवली. मंग पाऊस आला, काम थांबलं आहे. पाऊस उघडला की वर चढवू असं मिस्त्री म्हणे. एक इंच फट ठेवा हे कुंदननं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं आहे.

नऊ महिने.

ती ऑफिसले जात होती, सकाळी साडेनऊले निघे. स्कूटीवर. तिथं तिनं एका शाळेच्या इमारतीचं काम केलं. तिच्या मनासारख्या खिडक्या मंजूर झाल्या त्या दिवशी पेढे आणले होते. मार्चमधी तिनं केस कापले, खांद्यापर्यंत. मी रागावली तर म्हणे, "आई, उनायात डोक्याले हवा लागू दे." आंब्याच्या दिवसांत रोज रात्रीचं जेवण नको म्हणे अन् आमरसच खाये. कुंदनले चिडवे. पाऊसकाळात एक मांजरीचं पिल्लू वर घेऊन आली, त्याचं नाव ठेवलं सुपरवायझर. ते जिन्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं पाहत राहे म्हणून. त्याच्यावर ती पोट धरून हसे. दर रविवारी सकाळी मात्र ती खोलीतून बाहेर येत नव्हती. दार आतून बंद. आमी हाका मारत नव्हतो. माझ्याशी बोलणं तिनं कधी बंद केलं नाही. चांगलं वागली माझ्याशी, शेवटपर्यंत.

इथंच पत्र संपवावं असं ठरवलं होतं. दहा दिवस हा कागद असाच ठेवला. तुमी लिहिलं आहे की त्या एका गोष्टीले धरून तुमी आहात. ती तशीच तुमच्याजवळ राहू द्यावी, एक खोटं जास्त झालं तर काय होते, असं मनात आलं. पण आता माझ्यानं होत नाही. तुमाले खरं पायजे होतं. एप्रिलच्या पत्रात मी "पुढचं लिहिवत नाही" म्हणून थांबली होती. ते पुढचं हे.

माझा फोन तिच्या उशीपाशी ठेवलेला राहे. नऊ तारखेले सकाळी मी तोंड धुवून आली तर तो तिच्या हातात होता. कोणाकोणाले फोन लागले त्याची यादी उघडी होती. तिनं फोन उलटा करून चादरीवर ठेवला.

"आई, तू फोन केलाच नाही ना?"

मी तिच्या पायावरची चादर सारखी करू लागली.

ती माझ्याकडं पाहत रायली. रागानं नाही. लहानपणी शाळेतून येऊन माझ्याकडं पाहे, तसं. मंग म्हणे, "राहू दे. पण मी वाट पायली हे त्याले कधी सांगजो नको. तो हातातलं काम टाकून धावत येईल, अन् मी नसन."

तिनं माझा हात धरला. "तुले पण रागावन तो," म्हणे.

त्याच्यानंतर ती दोन दिवस होती. कुंदन दाराबाहेर होता, चाबी त्याच्या खिशात होती. मी तवाही त्याले पाठवलं नाही.

वच्छला